ठिगळाखालचा तडा

सायकलचे पंक्चर काढताना तुम्ही कधी शेवटपर्यंत उभे राहून पाहिले आहे का? परभणीत आमच्या महाविद्यालयाच्या वाटेवर असे एक लहानसे दुकान आहे. दुकान कसले, झाडाखाली एक पेटी, हवा भरायचा पंप आणि पाण्याचे घमेले. तिथला कारागीर ट्यूबवरचे छिद्र शोधतो, त्याच्या भोवतालची जागा काचकागदाने घासतो, सोल्यूशन लावतो, ते थोडे सुकू देतो आणि मग रबराचे ठिगळ दाबून बसवतो. आपल्याला वाटते, झाले काम. पण तो थांबत नाही. ट्यूबमध्ये हवा भरून तो ती पुन्हा पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे येत नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहतो. त्यानंतरच पैसे मागतो.

त्या कारागिराच्या कामाचे तीन भाग पडतात. घासणे, चिकटवणे आणि तपासणे. विमाने, तेलवाहिन्या आणि विद्युतगृहे यांतील तडे आज अशाच ठिगळांनी दुरुस्त केले जातात आणि असे ठिगळ किती टिकेल याचा हिशेब संगणकावर मांडला जातो. या विद्येविषयी मला आदर आहे. पण अलीकडे एक खोड वाढीस लागलेली दिसते. संगणकाच्या पडद्यावर सुंदर रंगीत चित्र उमटले की दुरुस्ती यशस्वी झाली, असे धरून चालायचे. म्हणजे घमेल्यातली तपासणी गाळायची. हे चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ते तुमच्यासारख्या उद्याच्या अभियंत्यांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

नळी लांबीनेच का फाटते?

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. पाण्याचा पाइप दाबाने फुटतो तेव्हा तो बहुधा लांबीच्या दिशेने फाटतो. काकडीसारखे त्याचे आडवे तुकडे पडत नाहीत. असे का व्हावे?

भूमितीत तुम्ही ज्याला वृत्तचिती म्हणता, तिची भिंत पातळ असली की तिला दंडगोलाकार कवच म्हणतात. पाण्याची नळी, बाष्पित्र, रेल्वेची टाकी, विमानाचे धड ही सारी अशी कवचेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, ते आठवते का? पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या टाक्याही दंडगोलच. आपल्या मराठवाड्याचा घसा किती तरी वेळा अशा कवचांनीच ओला केला आहे.

समजा, एका पोलादी जलवाहिनीचा व्यास १ मीटर आहे, भिंतीची जाडी १ सेंटिमीटर आहे आणि आत दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम दाब आहे. १०० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी एवढाच दाब देतो. भिंतीत परिघाच्या दिशेने निर्माण होणारा ताण काढायचा तर दाबाला त्रिज्येने गुणावे आणि जाडीने भागावे. १० गुणिले ५० भागिले १, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५०० किलोग्रॅम. लांबीच्या दिशेचा ताण याच्या बरोबर निम्मा असतो, म्हणजे २५०. परिघाचा ताण दुप्पट असल्यामुळे भिंत लांबीच्या रेषेवर फाकते. कोडे सुटले!

साधे पोलाद दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २,५०० किलोग्रॅम ताण कायमचे न ताणता सोसू शकते. आपली नळी त्याच्या पाचव्या हिश्श्यावर आहे. मग ती अगदी सुरक्षित म्हणायची. पण तिच्यात तडा असला तर?

तड्याचे टोक

१९१३ मध्ये इंग्लंडमध्ये सी. ई. इंग्लिस यांनी एक गणित मांडले. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल, तर भोकाच्या काठावरचा ताण तिप्पट होतो. भोक लांबट असेल आणि त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर टोकावरचा ताण एकवीसपट होतो. आपल्या नळीत ५०० चा ताण अशा टोकाशी १०,५०० होईल! तड्याचे टोक जितके अणकुचीदार, तितका ताण अधिक. जाणते कारागीर पत्र्यातल्या तड्याच्या टोकाला ड्रिलने गोल भोक पाडतात, ते यासाठीच. भोक पाडून ते पत्रा कमकुवत करीत नाहीत, टोकाची धार मोडतात.

पण मग एक प्रश्न उरतो. टोकावरचा ताण इतका वाढतो, तर तडा असलेली प्रत्येक वस्तू ताबडतोब का मोडत नाही? याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिले. तडा पुढे सरकण्यासाठी नवे पृष्ठभाग तयार व्हावे लागतात आणि त्याला ऊर्जा लागते. ताणलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा तेवढी किंमत मोजू शकली, तरच तडा धावतो. ग्रिफिथ यांनी हे काचेवर अभ्यासले. पोलादासारख्या धातूत तड्याच्या टोकाशी धातू थोडा वाहतो, मऊ पडतो आणि त्यातही पुष्कळ ऊर्जा खर्च होते. म्हणून पोलाद काचेपेक्षा सोशिक.

सपाट पत्रा आणि नळी यांत आणखी एक फरक आहे. नळीतल्या तड्याचे दोन्ही ओठ आतल्या दाबाने बाहेर फुगतात. त्यामुळे टोकावरचा भार सपाट पत्र्यापेक्षा वाढतो. १९६५ च्या सुमारास फोलियास यांनी या फुगवट्याचे गणित केले. आपल्या नळीत १० सेंटिमीटर लांबीचा तडा असेल, तर भार सुमारे १.३४ पट होतो आणि तडा २० सेंटिमीटरचा झाला की २.०५ पट. सपाट पत्र्यात तड्याची लांबी दुप्पट झाल्यावर टोकावरची तीव्रता १.४१ पट होते. नळीत फुगवटाही वाढत असल्यामुळे ती एकंदर दुपटीहून अधिक होते. नळीतला वाढता तडा हा असा दुहेरी शत्रू आहे.

ठिगळ काय करते?

तडा गेलेला भाग कापून नवा बसवावा, हा एक उपाय. पण तो नेहमी परवडत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालचा धातू बदलतो आणि ज्वालाग्राही तेल वाहणाऱ्या नळीवर ठिणगी पाडणे हा जिवाशी खेळ. पत्रा रिव्हेटने ठोकायचा, तर प्रत्येक रिव्हेटसाठी नवे भोक, आणि इंग्लिस सांगतात त्याप्रमाणे प्रत्येक भोकापाशी ताण तिप्पट.

मग चिकटवता येईल का? मेलबर्नच्या एअरोनॉटिकल रिसर्च लॅबोरेटरीत ॲलन बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात हेच करून दाखवले. बोरॉनचे बारीक तंतू एपॉक्सी राळेत बसवून तयार केलेली पट्टी त्यांनी हर्क्युलिस आणि मिराज या विमानांच्या पंखांतील तड्यांवर चिकटवली. तंतू आणि राळ यांच्या अशा मिश्रणाला संमिश्र म्हणतात. कल्पना आपल्याला नवी नाही. भिंतीच्या मातीत आपण गव्हाचा भुसा कालवतो, तोही तंतूच. भुसा ताण घेतो, माती त्याला जागेवर धरते. काच किंवा कार्बनचे तंतू वापरले की हीच युक्ती पोलादाशी स्पर्धा करते.

असे ठिगळ तड्यावर पूल बांधते. एका काठाचा भार तड्याला वळसा घालून ठिगळातून दुसऱ्या काठाला जातो आणि तड्याचे ओठ फाकत नाहीत. याच प्रयोगशाळेतील रोज यांनी दाखवलेली एक गोष्ट तर आश्चर्याची आहे. ठिगळ घट्ट चिकटलेले असेल, तर त्याखालचा तडा लांबला तरी टोकावरची तीव्रता एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. उघडा तडा जितका लांबतो तितका धोकादायक होतो, पण ठिगळाखालचा तडा असा बांधला जातो.

पण वाक्यातला एक शब्द नजरेआड होऊ देऊ नका: ‘घट्ट चिकटलेले असेल, तर’. ही अट आहे. आणि आपली खरी गोष्ट इथून सुरू होते.

संगणक काय करतो?

वक्र भिंत, तिच्यात तडा, वर चिकटद्रव्याचा पातळ थर, त्यावर तंतूंच्या वेगवेगळ्या दिशा असलेले ठिगळ. या सगळ्याचे गणित कागदावर मांडून सुटण्यासारखे नाही. त्यासाठी सांत घटक पद्धती वापरतात. आर. कूरां यांनी १९४३ मध्ये तिचे बीज मांडले. टर्नर, क्लॉ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये विमानाच्या सांगाड्यासाठी तिला आकार दिला आणि रे क्लॉ यांनी १९६० मध्ये तिला आजचे नाव दिले.

तिचे मर्म तुम्हांला सहज कळेल. वर्तुळाचा परीघ मोजण्यासाठी जसा आपण आत बहुभुज काढतो आणि बाजूंची संख्या वाढवीत नेतो, तसेच इथे नळीचे हजारो लहान तुकडे कल्पितात. प्रत्येक तुकडा म्हणजे जणू एक स्प्रिंग. हूकच्या नियमाने त्याच्यावरचे बल आणि त्याचे सरकणे यांचे एक साधे समीकरण मिळते. तुकडे एकमेकांना सांध्यांवर जोडलेले असल्यामुळे समीकरणेही एकमेकांत गुंततात. दहावीच्या वर्गात तुम्ही दोन चलांतील दोन एकसामयिक समीकरणे सोडवता. संगणक तशी लाखभर समीकरणे एका दमात सोडवतो. फरक संख्येचा आहे, जातीचा नाही. म्हणून ‘हे आपल्याला कसे जमणार’ असे परभणीच्या मुलाने म्हणण्याचे कारण नाही. यासाठी लागणाऱ्या कॅल्क्युलिक्ससारख्या आज्ञावली आज विनामूल्य मिळतात आणि पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प शिक्षणात मुक्त आज्ञावलींचा प्रसार करतो.

या पद्धतीचे उपकार मोठे आहेत. ठिगळ किती लांब हवे, त्याच्या कडा पायऱ्यांसारख्या उतरत्या केल्या तर काय फायदा, तंतू परिघाच्या दिशेने ठेवावेत की तिरपे, हे पन्नास नळ्या न फोडता एका आठवड्यात ताडून पाहता येते. हे मी मान्य करतो आणि त्याचे स्वागतही करतो.

आता एक गंमत ऐका. तड्याच्या टोकाजवळ जावे तसा गणितातला ताण वाढत जातो. टोकापासूनचे अंतर एक-चतुर्थांश केले की ताण दुप्पट. प्रत्यक्ष टोकावर तो अनंत! म्हणून एका विद्यार्थ्याने मोठे तुकडे घेतले आणि दुसऱ्याने बारीक, तर दोघांना टोकावरचा ताण वेगवेगळा मिळेल. तुकडे आणखी बारीक करा, उत्तर आणखी वाढेल, आणि ते कधीच थांबणार नाही. पडद्यावरचा लालभडक ठिपका त्या जागी काहीच सांगत नाही. तिथे ताण न विचारता ग्रिफिथची ऊर्जा विचारावी लागते. तडा थोडा पुढे सरकला तर किती ऊर्जा मोकळी होईल, या प्रश्नाचे उत्तर तुकडे बारीक केल्यावर स्थिर होते. म्हणजे यंत्र तेच, आज्ञावली तीच, पण प्रश्न चुकीचा विचारला की उत्तर निरर्थक. योग्य प्रश्न कोणता, हे पदार्थविज्ञान शिकवते. आज्ञावली ते शिकवीत नाही.

संगणकाला न सांगितलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी परीक्षक होतो. एका हुशार मुलाने तडा गेलेल्या नळीचे आणि ठिगळाचे प्रतिमान तयार केले होते. निळा, हिरवा, पिवळा, लाल असे रंग. ‘ठिगळामुळे नळी पूर्ववत मजबूत झाली,’ असे तो म्हणाला. मी विचारले, “चिकटद्रव्य कोणते धरलेस?” तो गोंधळला. म्हणाला, “सर, ठिगळ आणि नळी जोडलेलीच धरली आहेत.” म्हणजे चिकटद्रव्य कधी सुटूच शकत नाही, असे त्याने नकळत संगणकाला सांगितले होते, आणि संगणकाने ते आज्ञाधारकपणे मानले होते. ठिगळ सुटेल का, या प्रश्नाचे उत्तर त्याने आधीच ‘नाही’ असे लिहून ठेवले होते. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तो आमचा, शिकवणाऱ्यांचा दोष.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. तिथल्या विद्युतगृहाची क्षमता साडेबावीस मेगावॉट आहे. अशा जागी पाणी टर्बाइनपर्यंत नेणाऱ्या पोलादी नळ्या म्हणजे दंडगोलाकार कवचेच. समजा, परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या उघड्यावरच्या पोलादी नळीवर कार्बनच्या तंतूंचे ठिगळ लावायचे आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. म्हणजे वर्षभरात सुमारे ४० अंशांचा फरक. उन्हात तापलेल्या पोलादाचा तर याहूनही अधिक. ४० अंशांनी पोलाद मीटरमागे सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. कार्बनचा तंतू मात्र लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही. ३० सेंटिमीटरच्या ठिगळाखाली पोलाद सुमारे ०.१४ मिलिमीटर पसरू पाहते, ठिगळ जागचे हलत नाही, आणि ही ओढाताण सोसतो कोण? एक-दोन दशांश मिलिमीटर जाडीचा चिकटद्रव्याचा थर. दर उन्हाळ्यात एकदा, दर हिवाळ्यात उलट, आणि दिवस-रात्रीचे हेलकावे निराळे. शिवाय चिकटवताना पृष्ठभागावर तेलाचे बोट लागले होते का, गंज नीट घासला होता का, हवेत दमटपणा किती होता? पंक्चरवाल्याच्या काचकागदाचे महत्त्व इथे कळते. हे सारे प्रतिमानात घालता येते. पण आधी ते कुणाला तरी सुचावे लागते, आणि त्याचे आकडे प्रयोगातूनच मिळवावे लागतात.

झाकलेला तडा

ही केवळ शंकाखोर मास्तराची कुरकुर नव्हे. दोन घटना सांगतो.

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान सुमारे २४,००० फूट उंचीवर असताना त्याच्या धडाचा वरचा मोठा भाग उडून गेला. वैमानिकांनी विमान कसेबसे उतरवले, पण एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. धडाचे पत्रे एकमेकांवर ठेवून चिकटद्रव्याने आणि रिव्हेटने जोडलेले होते. चिकटद्रव्य सुटले, फटीत गंज शिरला, सगळा भार रिव्हेटवर आला आणि त्यांच्या भोकांतून निघालेले तडे एकमेकांना मिळाले. विमानाने तोवर ८९ हजारांहून अधिक उड्डाणे केली होती. प्रत्येक उड्डाणात धड एकदा फुगते आणि एकदा बसते.

दुसरी घटना आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. ७ फेब्रुवारी १९८० रोजी हाँगकाँगला उतरताना चायना एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपटी धावपट्टीला घासली. पत्र्यावर ओरखडे पडले. दुरुस्तीत ओरखडे असलेला पत्रा पूर्णपणे न काढता त्यावर दुसरा पत्रा रिव्हेटने ठोकला गेला. वरून पाहता सारे ठाकठीक. पण त्या ठिगळाखाली ओरखड्यांतून तडे निघाले आणि उड्डाणागणिक वाढत राहिले. २५ मे २००२ रोजी, म्हणजे बावीस वर्षांनी, ते विमान तैपेईहून हाँगकाँगला जाताना हवेतच फुटले. त्यातील २२५ जणांपैकी कुणीही वाचले नाही.

या दुसऱ्या घटनेतला धडा नीट समजून घ्या. ठिगळ तडा नाहीसा करीत नाही, ते तडा झाकते. उघडा तडा डोळ्यांना दिसतो, नळीत असला तर त्यातून पाणी ठिबकते. तज्ज्ञ लोक या ठिबकण्याला किंमत देतात. अणुभट्टीच्या नळ्यांचा आराखडा करताना ‘आधी गळती, मग फूट’ असे एक तत्त्व पाळतात. नळी अशी असावी की फुटण्याच्या कितीतरी आधी ती गळू लागेल आणि माणसांना सावध करील. ठिगळाने मात्र ही गळती बंद होते. म्हणजे ठिगळ नळीला बळ देते आणि त्याच वेळी तिचे तोंडही बंद करते. म्हणून ठिगळ लावणाऱ्यावर तपासणीची जबाबदारी दुप्पट येते.

आपलाच एक चांगला धडा

ही जबाबदारी कशी पाळावी, याचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांकडे सांत घटक पद्धतीचे उत्तम ज्ञान होते, संगणकही होते. तडा गेलेली नळी किती भार घेईल, हे त्यांनी गणिताने काढले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चेन्नईच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरच्या सहकार्याने त्यांनी खऱ्या पोलादी नळ्यांत मुद्दाम तडे पाडले, त्या नळ्या यंत्रात धरून वाकवल्या, तडा कसा सरकतो ते मोजले आणि मग आपले गणित त्या मोजमापाशी ताडून पाहिले. ज्यांना गणित सर्वांत चांगले येते, त्यांनाच तपासणीची गरज सर्वांत जास्त वाटते. यात विसंगती काहीच नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘चाचण्यांना पैसा लागतो. गरीब देशाला, मागासलेल्या भागाला संगणक स्वस्त पडतो.’ या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक ठिगळाची नळी फोडून पाहता येणार नाही. पण प्रतिमानाचा खरा उपयोग चाचणी टाळण्यासाठी नसून नेमकी कोणती चाचणी करायची हे ठरवण्यासाठी आहे. चिकटद्रव्य कडेपाशी आधी सुटेल असे प्रतिमान म्हणाले, तर तपासणाऱ्याने कडाच तपासाव्यात. शंभर जागांऐवजी चार जागा. आणि सगळ्याच तपासण्या महाग नसतात. चिकटवलेला भाग नाण्याने हलकेच ठोकून आवाज ऐकणे, ही विमानांच्या देखभालीतही वापरली जाणारी परीक्षा आहे. सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. उन्हाळ्यात बाजारातून माठ घेताना तुमची आजी टिचकी मारून पाहते, तीच ही परीक्षा.

गरीब भागाला दुरुस्तीची विद्या अधिक हवी, हेही मला सांगायचे आहे. नवी जलवाहिनी टाकायला वर्षे लागतात आणि दुष्काळ वर्षे थांबत नाही. आपल्याकडे नळी फुटली की सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. ती चार दिवस टिकते आणि पाणी पुन्हा रस्त्यावर. मीही घरी असे केले आहे आणि पस्तावलो आहे. दुरुस्ती म्हणजे हलके काम आणि नवनिर्मिती म्हणजे मोठे काम, असा एक समज आपल्या शिक्षणात मुरला आहे. तो जावा. गुंडाळलेली चिंधी आणि विश्वासाचे ठिगळ यांच्यामध्ये एक हिशेब असतो आणि एक तपासणी असते. दोहोंपैकी एकही सोडून चालणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत या विषयाला जागा मिळाली पाहिजे.

घरी करून पाहा

जागा मिळेपर्यंत वाट पाहू नका. वर्तमानपत्राच्या ३ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर लांब अशा बारा पट्ट्या कापा. सर्व पट्ट्या एकाच दिशेने कापा, कारण कागदातही तंतू असतात आणि त्यांना दिशा असते. तीन पट्ट्या तशाच ठेवा. उरलेल्या नऊ पट्ट्यांच्या मधोमध वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली ब्लेडने १ सेंटिमीटरची आडवी चीर पाडा. त्यांपैकी तीन चिरांवर एका बाजूने चिकटपट्टी लावा. आणखी तिघांवर लावण्याआधी चिकटपट्टी धुळीच्या कापडावर एकदा दाबून घ्या. पट्टीची टोके पेन्सिलीभोवती गुंडाळून डिंकाने पक्की करा, वरची पेन्सिल टांगा, खालच्या पेन्सिलीला लहान बादली अडकवा आणि मापाने पाणी ओतत जा. पट्टी फाटेल तेव्हा किती पाणी झाले ते लिहा. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. बादलीचे वजनही धरायला विसरू नका.

पण ओतण्याआधी एक काम करा. आपले भाकीत वहीत लिहा. तीन सेंटिमीटरपैकी एक सेंटिमीटर कापले, म्हणजे त्रैराशिकाने पट्टीचे बळ दोन-तृतीयांश उरायला हवे. इंग्लिस मात्र म्हणतील, टोकाचे काय? कोण बरोबर, ते कागद सांगेल. एका बाजूनेच चिकटपट्टी लावलेली पट्टी ताणताना वाकते का, तेही पाहा. विमानाच्या एकतर्फी ठिगळाची हीच अडचण असते. धुळीच्या पट्टीचे आकडे कसे येतात, ते तर अवश्य पाहा.

भाकीत आणि मोजमाप यांत फरक पडला तर नाराज होऊ नका, आणि मोजमाप खोडून भाकिताशी जुळवू तर मुळीच नका. तो फरक म्हणजे आपण काय गृहीत धरले होते याचा पत्ता आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठ्या संगणकावर मोठ्या नळीचे प्रतिमान मांडील. त्या नळीतून एखाद्या गावाचे पाणी वाहत असेल. रंगीत चित्र पडद्यावर आले की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, घमेल्यात बुडवून पाहिले का?